वृक्षपूजा आणि वृक्षपरिचय

ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्याकडे वडाची पूजा होते, श्रावणातल्या सोमवारी पिंडीवर बेल वाहिला जातो, दसऱ्याला आपट्याची पाने वाटली जातात, आणि दर गुरुवारी दत्तभक्तांची पावले उंबराकडे वळतात. आपल्या धर्माने वर्षातून अनेकवार आपल्याला कोणत्या ना कोणत्या झाडाजवळ नेऊन उभे केले आहे. ही परंपरा थोर आहे यात संशय नाही. तथापि तिच्याविषयी एक प्रश्न या लेखात विचारावयाचा आहे. ज्या झाडापुढे आपण हात जोडतो ते झाड आपल्याला ओळखता येते काय? येत नसेल, तर त्या पूजेला काही उणेपण येते की नाही?

दसऱ्याचेच उदाहरण घ्या. आपट्याचे पान लहान, जाड, काहीसे खरबरीत, लांबीपेक्षा रुंदीला किंचित अधिक आणि मधोमध दुभंगलेले असते. कांचनाचे पानही दुभंगलेलेच, परंतु ते मोठे व पातळ असते. फुलांवरून तर दोहोंची ओळख अगदीच सोपी आहे. आपट्याची फुले बारीक व फिकट पिवळसर, तर कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी, लांबून डोळ्यांत भरणारी. ही दोन झाडे एकमेकांची जवळची आप्त आहेत खरी, पण ती एक नव्हेत. असे असूनही शहरांच्या बाजारांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी ‘सोने’ म्हणून जे ढीग मांडलेले असतात, त्यांत कांचनाच्या फांद्या पुष्कळ असतात. कारण कांचन रस्त्याच्या कडेला सापडतो आणि आपट्यासाठी रान गाठावे लागते. घेणारा विचारीत नाही, विकणारा सांगत नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. शुभकार्याच्या वेळी दारावर ज्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्या उंच, सरळ, लाटांसारख्या कडांच्या लांबट पानांच्या झाडाला पुष्कळ मराठी घरांत अशोक म्हणतात. आपले गुजराती शेजारी त्याला आसोपालव म्हणतात. सीतामाईने लंकेत ज्याच्या छायेत दिवस काढले तो अशोक हा नव्हे. तो खरा अशोक, म्हणजे सीता-अशोक, मध्यम उंचीचा व दाट सावलीचा असतो. त्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी, आणि फुलांचे नारिंगी-तांबडे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर उमलतात. याच अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवरील अशोकारिष्टात पडते. सालीच्या मागणीपायी रानातील अशोक इतके सोलले गेले की जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींमध्ये होते. खरी साल महाग झाल्यावर तीत आसोपालवाची साल मिसळण्याचा प्रकार अभ्यासकांना वारंवार आढळला आहे. तेव्हा झाडाच्या ओळखीतील चूक ही केवळ पंडितांच्या वादाची गोष्ट राहत नाही. ती कुणा आजारी भगिनीच्या पोटात जाते.

यावर श्रद्धाळू वाचक म्हणतील की, देव भावाचा भुकेला आहे. पान आपट्याचे की कांचनाचे याचा हिशेब तो ठेवीत नाही. हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. देवाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न तेथेच मिटतो. झाडाच्या बाजूने मात्र तो मिटत नाही, कारण झाड भावाचे भुकेले नाही. त्याला मुळाशी पोकळ माती हवी, पाणी हवे, बीज दूर नेणारा पक्षी हवा, आणि आपल्यासारख्यांची कुऱ्हाड दूर हवी. वटपौर्णिमेला तोडलेल्या फांद्यांचे भारे बाजारात येतात, कुंडीत खोचून त्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या ढिगावर असतात. पूजा करणाऱ्या भगिनीचा येथे काय दोष? तिच्या घराच्या आसपास वडच उरलेला नसतो. पण ज्या वृक्षाच्या दीर्घायुष्याचा दाखला देऊन पतीचे आयुष्य मागावयाचे, त्याचाच हात तोडून आणावयाचा, ही विसंगती कुणालाच खुपू नये याचे आश्चर्य वाटते.

आणि हे घडते कोठे, तर वडाच्याच नावाच्या नगरात! इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘वटपद्रक’ या गावाचा उल्लेख आहे. अंकोट्टकाजवळचे, म्हणजे आजच्या अकोट्याजवळचे, ते एक लहानसे गाव होते. त्याचेच पुढे वडोदरा आणि आपल्या बोलीत बडोदे झाले. पहिला मराठा घोडेस्वार या भूमीवर येण्यापूर्वी नऊशे वर्षे हे गाव वडाच्या नावाने ओळखले जात होते.

मराठी कुटुंबांना येथे येऊन आता पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आपण येथे वाडे बांधले, देवळे उभारली, येथील व्यापारउदीम पाहिला, येथील भाषाही शिकलो. येथील झाडांची नावे मात्र किती जणांनी शिकून घेतली? आजी ज्याला पळस म्हणते त्याला दूध घालणारा रबारी खाखरो म्हणतो. आपला बहावा येथे गरमाळो होतो, काटेसावर शीमळो होते, टेंभुर्णीचे टीमरू, मोहाचा महुडो, कडुनिंबाचा लीमडो, चिंचेची आंबली आणि बेलाची बीली. आपला आपटा येथे आसुंदरो म्हणून उभा असतो. जो त्याला आपटा म्हणून शोधीत फिरेल त्याला कुणी वाट दाखविणार नाही. मधल्या पिढीत आजीची नावे विसरली गेली आणि शेजाऱ्यांची शिकली गेली नाहीत. परिणामी आज घरातील चिरंजीवांना समोरचे झाड कोणते असे विचारले तर ‘झाड’ एवढेच उत्तर येते. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलापाशी खरे तर प्रत्येक वृक्षाची दोन नावे असावयास हवीत. त्याच्यापाशी एकही नसते.

याच नगरीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत सिद्ध झाला, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. कोशालादेखील झाडाचे नाव देणारे आपले पूर्वज होते. कारभाराच्या शब्दांसाठी जेवढे कष्ट घेतले गेले त्याच्या शतांशाने जरी खऱ्या तरूंच्या नावांसाठी प्रत्येक घराने घेतले, तरी पुष्कळ काम होईल.

नाव शिकणे म्हणजे घोकंपट्टी नव्हे. छांदोग्य उपनिषदातील आरुणी आणि श्वेतकेतू यांचा संवाद सर्वश्रुत आहे. पिता पुत्राला न्यग्रोधाचे, म्हणजे वडाचे, फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आतील अणूसारखी बीजे दाखवितो, त्यांतील एक बीजही फोडावयास सांगतो आणि मग आत काय दिसते असे विचारतो. काहीच दिसत नाही, असे पुत्र म्हणतो, आणि तेथून त्या महान उपदेशाला आरंभ होतो. त्या उपदेशाचा अर्थ थोरामोठ्यांनी सांगितला आहे. तो पुन्हा सांगण्याचा अधिकार माझा नाही. माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे जाते. पित्याने ‘फळ आण’ म्हटले आणि पुत्र ते घेऊन आला. कोणते झाड, हे त्याला विचारावे लागले नाही. ब्रह्मविद्येचा तो पाठ ज्या पायरीवरून सुरू झाला ती पायरी म्हणजे वृक्षाची ओळख होती, आणि आपण नेमकी तीच ओलांडून वरच्या पायरीवर उडी मारू पाहतो.

ओळखीला आरंभ करावयाचा तर आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये प्रजेसाठी खुली केलेली कमाटीबाग आपल्या उंबऱ्यापाशी आहे. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल हे १८९३ मध्ये बडोद्यास आले आणि पुढे १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात जाईपर्यंत त्यांनी येथील बागांची जोपासना केली. महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे उद्यानही शहरातच आहे. अर्थात बागेतील प्रत्येक झाड या भूमीचे असते असे नाही. गुलमोहर मादागास्करचा, विलायती शिरीष अमेरिकेचा. पाहुणा कोण आणि घरचा कोण, हेही ओळखीतच येते.

पाहण्याची रीत मात्र शिकावी लागते. प्रथम पान पाहावे. ते एकेरी आहे की कडुनिंबासारखे अनेक पर्णिकांचे, देठावर समोरासमोर जोडीने येते की एकाआड एक. पान खुडल्यावर पांढरा चीक येतो काय? साल गुळगुळीत आहे, भेगाळलेली आहे, की तिचे पापुद्रे सुटतात? वडाची फळे बिनदेठाची, तांबडी, पानाच्या बगलेत जोडीने लागतात. उंबराची फळे थेट खोडावर झुबक्यांनी लगडतात. पिंपळाच्या पानाला शेपटीसारखे लांब टोक असते आणि देठ लांब व लवचिक असल्यामुळे वारा नसताही पान हलते, ज्यावरून भुताखेतांच्या कितीतरी कथा निघाल्या. फूल आणि फळ पाहिल्यावाचून निकाल देऊ नये. पण सर्वांत मोठा नियम हा की, एकच झाड वर्षभर पाहावे. दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच भूमीकडे बारा महिने डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला किती मिळते याची साक्ष त्या पुस्तकाने मराठी वाचकाला तेव्हाच दिली आहे. शंभर झाडांची नावे एका सहलीत टिपून घेणारा मनुष्य माझ्या मते चार झाडे चार ऋतूंत पाहणाऱ्यापेक्षा गरीबच राहतो.

कारण झाड एकटे नसते, आणि हेच या साऱ्या विद्येचे मर्म आहे. उंबराचेच पाहा. आपल्या भाषेत ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ हा वाक्प्रचार आहे आणि तो चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. झाकलेले दोष उगाच उकरणाऱ्याला उद्देशून तो म्हणतात. परंतु ही केंबरे आहेत तरी काय? वड, पिंपळ, उंबर, पायर ही सारी एका गोत्रातील झाडे. त्यांचे फळ म्हणजे वस्तुतः चोहोंबाजूंनी मिटलेले एक घर असून त्याच्या आत शेकडो बारीक फुले असतात. आपण म्हणतो उंबराला फूल दिसत नाही. ते आतच फुललेले असते. तिळाएवढी एक कीटकमादी फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद वाटेने आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंखही तुटून पडतात. अंगावरून आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते, आणि तेथेच तिचा अंत होतो. पुढील पिढीतील नर बिनपंखी असतात. मीलन झाल्यावर ते फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात, आणि त्या वाटेने कोवळ्या माद्या पराग घेऊन बाहेर उडतात. त्यांचे आयुष्य एकदोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना आपल्याच जातीचे, योग्य अवस्थेतील फळांचे दुसरे झाड गाठावे लागते. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा, उंबराचा निराळा. केंबरे नसती तर उंबराला बीज धरले नसते. श्वेतकेतूने फोडलेल्या फळातही हे जीव असतील, परंतु त्याच्या पित्याला त्या दिवशी सांगावयाचे होते ते वेगळे.

याचा अर्थ असा की रस्त्यावरचा एक वड दुसऱ्या वडाच्या आधाराने उभा असतो. पंचक्रोशीतील वड एकेक करून गेले, तर उरलेला एक कितीही विशाल असो, हळदकुंकवाने कितीही माखलेला असो, त्याच्या फळांत बीज धरेलच असे नाही. इतर झाडे उन्हाळ्यात रिकामी असताना यांच्यापैकी कुठले ना कुठले फळलेले असते, म्हणून हरियाल, कोकीळ, तांबट, बुलबुल, वटवाघळे या साऱ्यांचा त्यांच्यावर योगक्षेम चालतो. ते पक्षी खातात आणि बीज दूर टाकतात.

बागेतून खरे रान पाहावयास निघाले तर जांबुघोडा येथून फार दूर नाही. पंचमहालातील या वनाला १९९० मध्ये अभयारण्य घोषित करण्यात आले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचा तो प्रदेश साग, बांबू, मोह, पळस, टेंभुर्णी यांनी भरलेला आहे. चैत्रात तेथे गेलेल्या शहरी मनुष्याला रान मेलेलेच वाटते, कारण झाडांवर पान नसते. पण त्याच दिवसांत मोह फुलतो. रात्री त्याची मांसल, गोड फुले टपटप गळतात. वटवाघळे त्यांवर येतात, अस्वले पहाटे ती वेचतात, आणि राठवा बायामुलेही टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचलेली असतात. वेचणे सोपे व्हावे म्हणून मोहाच्या रानांत काही ठिकाणी खालचा पाचोळा जाळतात आणि त्या आगीत कोवळी रोपे जातात, ही गोष्ट खरी आहे. परंतु ज्या घराच्या वर्षाचा आधार त्या फुलांवर आहे त्याला आपण शहरात बसून उपदेश करावा, हे मला प्रशस्त वाटत नाही. त्या बायांना रानातील झाडे सालीवरून, वासावरून, अंधारातही ओळखता येतात. झाडे शिकावयाची असतील तर पोथीपेक्षा त्यांच्यापाशी बसले पाहिजे, आणि येथे आपल्या सुशिक्षितपणाचा अभिमान आडवा येतो. नुकतेच, जून २०२५ मध्ये, निवर्तलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, संस्कृतही शिकले होते. परंतु रानातील माहिती त्यांनी आदिवासींकडून विद्यार्थ्यासारखी घेतली, आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द मराठीला दिले.

येथे एक आक्षेप मीच उपस्थित करतो. झाडाची ओळख असली म्हणजे आदर येतोच, असे कोठे आहे? लाकडाच्या ठेकेदाराइतका साग कोण ओळखतो? तो लांबून बुंधा पाहून घनफूट सांगतो. हा आक्षेप खोटा नाही, आणि केवळ ज्ञानाने मनुष्य सज्जन होतो असे मी म्हणतही नाही. मात्र ठेकेदाराची ओळख बुंध्यापाशी थांबते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या सागाच्या पाचोळ्यात कोण राहते, त्याच्या मुळांनी कोणता उतार धरून ठेवला आहे, हे त्याला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून त्याच्या हिशेबात येत नाही. विश्वामित्री पावागडावर उगम पावते आणि आपल्या कमाटीबागेतून वाहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिचे पाणी आपल्या घरांत शिरले आणि मगरी वस्तीत आल्या, तेव्हा नदीची आठवण सर्वांना झाली. त्या पुराची कारणे अनेक होती. पण वरच्या डोंगरावरचे झाड आणि खालच्या शहरातला उंबरठा यांचा काही संबंध आहे, हे तेव्हा पुष्कळांना प्रथमच सुचले.

भक्ती आणि ओळख एकत्र नांदू शकतात याचे प्रमाण महाराष्ट्रात देवरायांच्या रूपाने आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी सह्याद्रीतील देवरायांचा शोध घेऊन १९७६ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांतून वाळकी काटकीही नेऊ नये असा कित्येक ठिकाणी दंडक असे. त्यामुळे आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी तेथे महावेली आणि जुने वृक्ष टिकले. परंतु तेथेही अलीकडे एक गोष्ट घडते, आणि ती देवस्थानाच्या या पत्रिकेत स्पष्टच लिहिली पाहिजे. काही गावांत देवाला मोठे देऊळ हवे म्हणून रायच तोडली जाते. शेंदूर फासलेला दगड झाडाखाली शतके सुखाने होता. त्याच्यासाठी सिमेंटचा मंडप झाला आणि सावली गेली. भक्तीत तिळमात्र उणे झाले नव्हते. राईत काय आहे हे ओळखणारे वडील माणूस मात्र गावात उरले नव्हते.

आपल्या शहरातील देवळांपुढेही हाच प्रश्न लहान रूपात उभा असतो. जुन्या देवळाच्या शिखरावर, भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवते. ते कुणी लावलेले नसते. फळ खाऊन आलेल्या पक्ष्याने बीज तेथे टाकलेले असते, आणि रानात दुसऱ्या झाडाच्या खाचेत रुजण्याची जी त्याची जन्मजात रीत, तीच तो चुन्याच्या भिंतीवर चालवितो. पिंपळ तोडणे पाप, म्हणून त्याला कुणी हात लावीत नाही. दहा वर्षांनी मुळे मनगटाएवढी होतात, दगड सरकतो, भिंतीला भेग पडते. मग आपल्या हाताला दोष लागू नये म्हणून दुसऱ्या कुणा गरीब मजुराला चार पैसे देऊन, स्वतः पाठ फिरवून, तो तोडून घेतात. पाप मजुरीने देता येते अशी ही समजूत मला फार विचित्र वाटते. वरून छाटला तरी पिंपळ मरत नाही, मुळातून पुन्हा फुटतो, आणि दर दोनतीन वर्षांनी तोच प्रकार होतो.

ज्याला पिंपळाचा स्वभाव ठाऊक आहे तो पहिल्याच पावसाळ्यात, रोप चारसहा पानांचे असताना, शिखर व भिंती पाहून घेतो. चुना ओला असतो, मूळ बारीक असते. सुताराच्या पटाशीने सांधा थोडा मोकळा केला तर ते पुष्कळदा सगळे निघते. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी त्याला मोकळ्या जागी लावावे, भिंतींपासून व गटारांपासून चांगले पन्नास-साठ फूट दूर, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे. सगळी रोपे जगत नाहीत. कमाटीबागेच्या बाजूचा नदीकाठ, शाळांची पटांगणे, गावाबाहेरचे तलाव, अशा जागा अजून आहेत. सांधा मात्र त्याच आठवड्यात चुन्याने भरून घ्यावा; उघडा राहिला तर पुढल्या वर्षी त्याच फटीत उंबर उगवतो.